काकूंच्या नाकाची निवृत्ती

थेंबकाकांना सगळी गल्ली थेंबकाका म्हणायची, कारण पाणीपुरवठा खात्यातल्या छत्तीस वर्षांत त्यांनी जोडलेल्या एकाही नळातून कधी थेंब गळला नव्हता. बाकी खातं बरंच गळत असे, पण ते काकांच्या हाताखालचं काम नव्हतं. निवृत्तीच्या दिवशी खात्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ते रोज दहा मिनिटं मागे पडायचं. खात्याची आठवण म्हणून काकांनी ते दुरुस्त केलं नाही.

काकांची गाडी तीस वर्षांपूर्वी घेतलेली, तीही कुणीतरी आधीच दमवलेली. इंजिन किती तापलंय हे दाखवणारा काटा तिच्यात नव्हता. एक लाल दिवा होता, पण तो बॉनेटमधून वाफ निघाल्यावर पेटायचा. घरात चोर येऊन गेल्यावर कुत्र्याने भुंकावं, तसा. त्यामुळे काट्याचं काम काकू करायच्या. चढ लागला की त्या शेजारच्या सीटवर ताठ व्हायच्या, नाक जरा वर धरायच्या आणि बॉनेटवर नजर रोखायच्या. इंजिनातलं पाणी फार तापलं की गोडसर वास येतो. काकूंना तो दिव्याच्या पाच मिनिटं आधी यायचा.

"अहो, थांबवा," त्या म्हणायच्या. काका थांबवायचे. तीस वर्षांत इंजिन एकदाही जळलं नाही. याचं श्रेय काका गाडी बनवणाऱ्या कंपनीला देत.

काकूंची धाकटी बहीण डोंगरापलीकडे राहायची. या खेपेला तिच्याकडे जायचं ठरलं, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, "मी बसने जाईन. तुम्ही या गाडीने."

"का? गाडीने काय घोडं मारलंय तुझं?"

"गाडी बिचारी काही करत नाही, सगळं मीच करते. तुम्ही निवृत्त झालात, त्याला चार वर्षं झाली. माझं काय? तो डोंगर म्हणे फार सुरेख आहे. मी आजवर बॉनेटच पाहिलंय. बसमध्ये निदान डुलकी तरी काढीन."

काकांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला, पण तो जमला नाही. ते मनात आकडेमोड करायला लागले. तीस वर्षं, दर वर्षी दोन खेपा, दर खेपेला जाता-येता चढ. एवढ्या ड्युटीवर खात्याने कुणालाही निदान घड्याळ तरी दिलं असतं. त्यांनी काकूंना साधं "बरं झालं सांगितलंस" एवढंही कधी म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी काका तापमानाचा काटा घेऊन आले. वाटीएवढी गोल तबकडी, एक लांब वायर आणि बोटाच्या पेराएवढा पितळी सेन्सर. सोबतचं माहितीपत्रक सात भाषांत होतं आणि सातही काकांना परक्या होत्या. त्यांना त्याची गरजही वाटली नाही.

"हे काय?" काकूंनी विचारलं.

"तुझी बदली. रविवारी हा कामावर रुजू होईल."

"चाललं तर येईन गाडीने. नाहीतर बस आहेच."

रविवारी सकाळी काकांनी गार इंजिनातलं थोडं पाणी बादलीत काढलं. इंजिनाच्या वरच्या अंगाला एक रिकामं भोक बूच लावून बंद केलेलं होतं. बूच काढून तिथे सेन्सर बसवायचा होता. आट्यांचं काम दिसल्यावर काकांच्या बोटांना राहवेना. त्यांनी खिशातून नळाची पांढरी टेप काढली आणि सेन्सरच्या आट्यांवर गुंडाळली. तीन वेढे पुरतात. काकांनी सतरा दिले. मग बादलीतलं पाणी परत इंजिनात ओतलं, वायर रबर बसवलेल्या भोकातून गाडीत ओढली, तबकडी स्टिअरिंगशेजारी बसवली आणि गाडी चालू केली.

थेंबही गळला नाही. काटाही हलला नाही.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. काटा तळाशी पाय पसरून बसलेला.

"बघ," काका स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघून ओरडले, "किती थंड डोक्याची गाडी आहे आपली!"

खिडकीतून उत्तर आलं, "अहो, बंद करा. तापलीय."

"काटा नाही म्हणतोय!"

"काटा परवा आलाय. मी तीस वर्षं आहे."

काकांनी बॉनेट उघडलं, तर तोंडावर गरम हवेचा लोट आला. त्यांनी निमूटपणे गाडी बंद केली. आतून पेटीची कडी लागल्याचा आवाज आला. काकू बसची तयारी करत होत्या.

आता एकच मार्ग होता, आणि तो काकांना पसंत नव्हता. जावई वायरमन होता. त्याला काका गेली आठ वर्षं ऐकवत आले होते, "तुमचं बरं आहे जावईबापू, वीज गळली तरी जमीन ओली होत नाही." अशा माणसाला फोन करणं जिवावर आलं. काकांनी केला.

जावई तासाभरात आला. "बाबा, काय झालं?" एवढंच विचारलं. सेन्सरवरची वायर काढून त्याने तिचं टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवलं. काटा ताडकन वर गेला.

"काटा चांगला आहे, वायरही चांगली आहे," तो म्हणाला. मग इंजिन गार झाल्यावर त्याने सेन्सर खोलला आणि हातातल्या पांढऱ्या बोळ्याकडे बघत राहिला. "बाबा, वायरीतून आलेला करंट सेन्सरच्या आट्यांतून इंजिनात परत जातो. त्याला धातूला धातू लागायला हवा. तुम्ही पाण्याबरोबर त्यालाही अडवलंत."

काका खाली मान घालून टोमण्याची वाट बघत राहिले. आठ वर्षांचं थकलेलं देणं एकदम अंगावर येणार होतं. जावयाने मात्र टेपचा बोळा स्वतःच्या खिशात टाकला. काट्याच्या पाकिटात आलेला तांब्याचा वॉशर घालून सेन्सर उघड्या आट्यांवर घट्ट बसवला. गाडी चालू केली. काटा सावकाश उठला आणि मध्यावर येऊन स्थिर झाला.

"आई," जावई खिडकीकडे बघून म्हणाला, "एक कनेक्शन ढिलं होतं, बाकी बाबांचं काम एकदम चोख आहे."

काकांना त्याचा हात धरावासा वाटला. "जावईबापू, जेवूनच जायचं," ते म्हणाले, आणि स्वतः पाट्याएवढं ताट वाढायला आत धावले.

रात्रभर गाडीखाली वर्तमानपत्र अंथरलेलं होतं. टेपशिवाय बसवलेल्या आट्यांवर काकांचा विश्वास नव्हता. सकाळी कागद कोरडा निघाला. काकूंनी तो पाहिला, मग काट्याकडे पाहिलं, आणि पेटी गाडीत ठेवली.

पहिल्या वळणापर्यंत त्या सवयीने ताठ बसल्या होत्या. दुसऱ्या वळणाला पाठ टेकली. तिसऱ्याला डोळे मिटले.

चढ चढता चढता काटा मध्याच्या वर सरकला. मग आणखी वर. लाल रेघ एका बोटावर राहिली. "अगं, जरा वास घेतेस का?" हे वाक्य काकांच्या ओठांपर्यंत आलं. शेजारी काकूंचं तोंड किंचित उघडं होतं, मान खिडकीकडे कलली होती. इतक्या गाढ झोपलेल्या काकू त्यांनी गाडीत कधी पाहिल्याच नव्हत्या. वाक्य त्यांनी गिळलं. वेग कमी केला, काकूंच्या बाजूची हवेची झडप बंद केली आणि भर उन्हात गाडीतला हीटर पूर्ण सोडला. इंजिनाची उष्णता भसाभस काकांच्या पायांवर येऊ लागली. सदरा पाठीला चिकटला. चष्म्यावर घाम टपकला. काटा मात्र एकेक रेघ खाली आला आणि मध्यावर जाऊन बसला.

बहिणीच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा काकू जाग्या झाल्या. त्यांनी काकांकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आलो पण? आणि तुम्ही असे निथळताय का?"

"गाडी गार आहे," काका म्हणाले. "तीस वर्षं तू होतीस म्हणून ती इथवर आली. हे आधीच सांगायला हवं होतं."

काकूंनी त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. मग तो पदराने पुसत म्हणाल्या, "जावईबापूंनी तो टेपचा बोळा खिशात टाकताना मी खिडकीतून पाहिला हो. काही बोलणार नव्हते."

फाटकातून बहीण हात हलवत पुढे आली. "ताई, डोंगर कसा दिसला या वेळी?"

काकूंनी मागे वळून बघितलं आणि हसू लागल्या. "अगंबाई! तो बघायचाच राहिला."

"येताना बघू," काका म्हणाले, आणि त्यांनी हीटर बंद केला.