सिस्टरना सोडायला

"डावीकडे घ्या," सिस्टर म्हणाल्या.

लिफ्टवाल्यांनी गाडी फाट्यावरच उभी केली. उजवीकडे चांगला डांबरी रस्ता होता. त्यावर पाटी होती, आणि पाटीवर ज्या गावाचं नाव होतं तिथे निदान एखादं राहायचं ठिकाण तरी असणार होतं. डावीकडची वाट पांढुरक्या मातीची. ती समुद्राच्या कडेकडेने उन्हात निघून गेली होती, आणि पुढे कुठे जाते हे सांगायची तसदी कुणी घेतलेली नव्हती.

"तिकडे काही नाही," ते म्हणाले.

"तिकडेच जायचंय."

"तुला काय माहीत?"

सिस्टरनी मान वळवून नवऱ्याकडे पाहिलं. भूल उतरताना एखादा पेशंट 'मी कोण' म्हणून विचारतो, तेव्हा नर्स जशी बघते तसं. मग त्या काचेतून बाहेर बघायला लागल्या. लिफ्टवाल्यांनी गाडी डावीकडे घेतली.

शहरात त्यांना सगळे लिफ्टवाले म्हणत आणि यांना सिस्टर. दोघांनाही याहून वेगळी नावं असतील, हे शेजाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसे. लिफ्टवाल्यांनी उभा जन्म लिफ्टा दुरुस्त करण्यात घालवला. पहिली भेटही तशीच झाली होती. हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली होती आणि आत स्ट्रेचरवर पेशंट होता. लिफ्टवाल्यांनी वरून दार फाकवून नेहमीचं वाक्य म्हटलं, "घाबरू नका." आतून आवाज आला, "मी नाही घाबरले. पेशंट घाबरलाय, त्याला सांगा." तो आवाज त्यांना आवडला आणि पुढच्या वर्षी लग्न झालं. मुलगी झाली, शिकली, लग्न करून दूरदेशी गेली. लिफ्टवाले आधी निवृत्त झाले, मागोमाग सिस्टर. भांडण म्हणावं असं संसारात कधी झालं नाही. लिफ्टवाले तर हे अभिमानाने सांगत.

म्हणूनच सिस्टर "समुद्राकडेने गाडीने जाऊ" म्हणाल्या तेव्हा त्यांना मनातून उकळ्या फुटल्या होत्या. आयुष्यात फिरायला म्हणून दोघं कधी बाहेर पडलीच नव्हती. त्यांनी टायर बदलून आणले. उन्हासाठी दोन टोप्या आणल्या. निघताना सिस्टरनी डिकीत दोन भल्यामोठ्या बॅगा आणि वर कुकर ठेवला, तेव्हा मात्र ते जरा चक्रावले.

"कुकर कशाला?"

"लागेल."

बायकांचं सामान, असं म्हणून त्यांनी डिकी लावली.

काल दिवसभर आणि आज सकाळपासून समुद्र एका बाजूने सोबतीला होता. मिठागरं आरशासारखी चमकत होती. उपड्या घातलेल्या होड्या, वाळत टाकलेली जाळी, मैल न् मैल माणूस नाही. लिफ्टवाल्यांना लिफ्टच्या अंधाऱ्या खोबणीत मान वर करून काम करायची सवय. एवढा उजेड त्यांना झेपत नव्हता आणि सोडवतही नव्हता.

"असंच जात राहू अजून चार दिवस," ते सकाळी म्हणाले होते. त्यावर सिस्टरनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली.

वाटेतल्या एका चहाच्या टपरीवर दोघं थांबली, तेव्हा कोड्यात आणखी भर पडली.

"परत जाताना इथेच थांबा," सिस्टर म्हणाल्या. "ऊन उतरलं की मगच पुढे निघा. एकटे असलात की तुम्ही कुठे थांबत नाही."

लिफ्टवाल्यांनी बशीतून मान वर केली. एकटे? बोलण्याच्या ओघात गेलं असेल तोंडातून.

"प्रेशरची गोळी सकाळची आहे, रात्रीची नाही. दूधवाल्याला निम्मं दूध सांगितलंय. आणि टाकीचा व्हॉल्व्ह उलटा फिरतो, तो जोर लावून तोडू नका."

ड्युटी बदलताना पुढच्या नर्सला सांगतात, तशा एका सुरात त्या सांगत होत्या. लिफ्टवाल्यांना काही उमगेना. पण विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. मशीनला कोणी प्रश्न विचारत नाही. मशीनशेजारी गुपचूप उभं राहायचं, थोड्या वेळाने तीच सांगते कुठे दुखतंय ते. ते गुपचूप राहिले.

मातीची वाट संपली तिथे एक वस्ती होती आणि वस्तीच्या टोकाला, समुद्राकडे पाठ करून, पत्र्याचा दवाखाना. गाडीचा आवाज ऐकून आतून एक काटकुळा माणूस ओले हात पुसत आला. तो तिथला कंपाउंडर.

"आलात सिस्टर. खोली धुऊन ठेवलीय, पाणी भरलंय," असं म्हणत त्याने डिकी उघडून बॅगा काढल्याही. मग तो लिफ्टवाल्यांकडे वळला. "साहेब, तुम्ही मोठ्या मनाचे. आधीच्या दोन नर्सबाईंना घरच्यांनी अडवलं. तुम्ही तर स्वतः सोडायला आलात. आज राहणार, का लगेच निघणार?"

"कोण?" लिफ्टवाले म्हणाले.

कंपाउंडर हसला. मोठ्या शहरातल्या माणसाचा विनोद असेल, असं त्याला वाटलं असावं. तो कुकर घेऊन आत गेला.

खोली दवाखान्याच्या मागेच होती. एक लोखंडी खाट, एक स्टूल, खिडकीत समुद्र. लिफ्टवाले दारात उभे राहून खाटेकडे बघत राहिले.

"खाट एकच आहे," ते शेवटी म्हणाले.

"एकटीला किती लागणार?"

"तू इथे राहणार?"

सिस्टर बॅगेचा पट्टा सोडत होत्या, त्या थांबल्या. "हे तुम्ही आत्ता विचारताय?"

"मला सांगितलंस कधी?"

सिस्टर खाटेवर बसल्या. बोलल्या त्या अगदी सावकाश, जणू स्वतःचीच खातरी करून घेत होत्या. "मागच्या उन्हाळ्यात आरोग्य शिबिराला इथे आले होते. घरी आल्यावर तुम्हाला सांगितलं, की इथे नर्स टिकत नाही, बायका बाळंतपणाला होडीतून जातात, वाटेतच काय काय होतं. तुम्ही म्हणालात, बरं. मग या कंपाउंडरचा फोन आला, येता का म्हणून. तेही सांगितलं. तुम्ही पंखा उघडून बसला होतात. म्हणालात, बरं, जा की. मग मी म्हटलं, सोडायला याल का, समुद्राकडेने गाडीने जाऊ. तुम्ही दुसऱ्या दिवशी टायर बदलून आणलेत."

लिफ्टवाले आठवायला लागले. पंखा आठवला. त्याचं बुश झिजलं होतं आणि फिरताना खरखर करत होतं, ती खरखर या क्षणीही कानात होती. तिच्या पलीकडे बायकोचा आवाजही होता. पण त्यातला शब्द एकही हाताला लागेना. या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं म्हणावं, तर पहिल्या कानापर्यंत तरी ते पोचलं होतं की नाही, याचीच शंका.

"मला वाटलं, आपण फिरायला निघालोय," ते म्हणाले.

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. हसावं की रडावं ते त्यांना कळत नव्हतं, आणि दोन्हीपैकी काहीच त्यांनी केलं नाही.

"आणि मी इतके महिने मनात कुढतेय," त्या म्हणाल्या. "एवढा संसार केला, आणि हा माणूस एकदासुद्धा जाऊ नको म्हणत नाही. टायर बदलतो."

"मग आता म्हणतो. नको जाऊस."

"आता मी पोचले."

बाहेर कंपाउंडर बादली ओढत होता.

"माझं काही चुकलं का?" लिफ्टवाल्यांनी विचारलं.

"चुकलं असतं तर भांडले असते. राग असता तर सोपंच गेलं असतं मला." सिस्टरनी पट्टा हातात गुंडाळला, पुन्हा सोडला. "हॉस्पिटल होतं तोवर चालून गेलं. दिवसभर बोलून घरी यायचे. पण हे निवृत्तीनंतरचं... तुम्ही समोर बसलेले असता, मी बोलते, आणि थोड्या वेळाने मलाच कळेनासं होतं, मी खरंच बोलले की नुसतं मनात म्हटलं. इथे शिबिरात मी काही सांगितलं, की बाया म्हणायच्या, काय म्हणालात, परत सांगा."

"एवढंच?"

"एवढंच. तुम्हाला थोडं वाटेल."

"आणि मी म्हटलं असतं नको जाऊ, तर राहिली असतीस?"

"माहीत नाही. खरं सांगते, माहीत नाही. बरोबर करतेय का, तेही कळत नाही. काल गाडीत दोनदा वाटलं, म्हणावं, फिरवा मागे. पण तुम्ही इतके खुशीत होता. मला वाटलं, मी जातेय म्हणून खुशीत आहेत."

लिफ्टवाले बाहेर आले आणि गाडीत जाऊन बसले. ऊन काचेवर मावत नव्हतं. त्यांनी किल्ली फिरवली, इंजिन सुरू झालं, ते काही वेळ नुसतं चालू ठेवलं आणि मग बंद केलं. घरी जायचं, तर निम्म्या दुधाच्या घरी जायचं होतं. इथे राहायचं, तर कुणी राहा म्हटलं नव्हतं. अडकलेल्या लिफ्टा त्यांनी शेकड्याने सोडवल्या होत्या, पण त्या नेहमी बाहेरून. आत माणूस काय करतो, नुसता उभा राहतो की बटणं दाबत बसतो, हे त्यांनी कुणाला विचारलं नव्हतं.

तेवढ्यात एक मच्छीमार हाताला फडकं गुंडाळून धावत आला. तळव्यात गळ रुतला होता. सिस्टर हात धुऊन आल्या, त्याला स्टुलावर बसवलं आणि कामाला लागल्या. लिफ्टवाले गाडीतून उतरून दारापाशी गेले. गडी चांगला आडदांड होता, पण पोरासारखा विव्हळत होता. सिस्टर मान खाली घालून त्याच्याशी काहीतरी बोलत होत्या. काय, ते दारापर्यंत येत नव्हतं. लिफ्टवाल्यांनी एक पाऊल आत टाकलं, तरी येईना. हळूहळू त्या माणसाचं विव्हळणं थांबलं. मग तो चक्क हसला. गळ बाहेर आला होता. इतकं काय बोलली असेल ही, या विचाराने लिफ्टवाल्यांना कुठेतरी बोचल्यासारखं झालं. तो मत्सर होता, हे त्यांच्या लक्षात यायलाही वेळ लागला.

"मी आज राहतो," संध्याकाळी ते म्हणाले.

"राहा," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी कुकर लावला. जेवताना लिफ्टवाल्यांनी काहीतरी विचारायचं ठरवलं होतं, पण सवय नसल्यामुळे नेमकं काय विचारावं ते सुचेना. शेवटी त्यांनी विचारलं, "त्या माणसाला काय सांगत होतीस?"

"कोणत्या?"

"गळवाल्या."

सिस्टरनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. "त्याच्या होडीला नाव काय द्यायचं ते ठरत नाहीये म्हणे. त्याबद्दल," त्या म्हणाल्या, आणि भात वाढायला लागल्या.

खाट एकच. लिफ्टवाल्यांनी दवाखान्याच्या ओसरीतल्या लांब बाकावर पथारी पसरली. समुद्राच्या आवाजात त्यांना लवकर झोप लागली नाही, पण लागली ती गाढ.

जाग आली तेव्हा ऊन पायांवर आलं होतं आणि पायांपाशी माणसं बसली होती. एक पोटुशी बाई, एक खोकणारा म्हातारा, आणि अगदी खेटून, गुडघ्याला फडकं बांधलेली एक म्हातारी. त्यांची झोपमोड नको म्हणून सगळी बाकाच्या टोकाला दाटीवाटीने सरकून बसली होती. लिफ्टवाले ओशाळून उठले, पथारी गुंडाळून मांडीवर घेतली. उठून जावं की बसावं ते कळेना, म्हणून बसून राहिले. आतून सिस्टरचा आवाज येत होता, पण शब्द लागत नव्हते.

"रात्रीच येऊन झोपलात?" म्हातारीने विचारलं. "म्हणजे पहिला नंबर तुमचा. काय होतंय?"

लिफ्टवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं. मी पेशंट नाही, मी सिस्टरांचा नवरा, त्यांना सोडायला आलोय, आता निघेन, असं सगळं सांगता आलं असतं. पण यातलं खरं किती, ते त्यांना ठरवता येईना.

"ऐकू कमी येतं," ते म्हणाले.

"अगंबाई," म्हातारी आवाज चढवून म्हणाली, "मग इथे कुठे बसलात? दाराजवळ सरका. सिस्टर फार हळू बोलतात."

तिने पलीकडच्या माणसांना हाताने खूण केली. पोटुशी बाई उठून उभी राहिली, खोकणाऱ्या म्हाताऱ्याने काठी उचलून घेतली. लिफ्टवाले पथारी काखेत धरून सगळ्यांपुढून वाकून गेले आणि दाराशेजारच्या मोकळ्या जागेत बसले.