ढिशचा मानकरी

मानवी विनोदाचा पाया शब्द नसून ताल आहे, असं उत्तरेश्वर माने गंभीरपणे मानत. हा सिद्धांत त्यांना तेजसला पहिल्यांदा टाळ्या पडल्या त्या दुपारी सुचला. त्याआधी मानवी विनोदाला पाया असतो, हेही त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

कार्यक्रमाचं नाव 'हशा आणि ठेका'. पुण्याजवळच्या मांजरी गावात उसाच्या शेताच्या कडेचं एक रिकामं गोदाम वाहिनीने भाड्याने घेतलं होतं. काळे पडदे लावले की त्याला स्टुडिओ म्हणत. पुढे तेजस उभा राहून विनोद सांगे, मागे चौघांचा वाद्यवृंद. विनोदाचा शेवटचा शब्द पडला की उत्तरेश्वरांनी ऑक्टोपॅडवर काठी मारायची. ढिश. लोक हसत. लावणीपासून कव्वालीपर्यंत सगळं वाजवून बसलेल्या माणसाला हे काम. रेकॉर्डिंगआधी प्रेक्षकांना सूचना देत, तेवढ्या वेळात वाद्यवृंद बाहेर चहा पिई. मानाचं म्हणावं तर तेवढंच.

तेजस हिंजवडीच्या संगणक कंपनीत होता. मॅनेजर, ऑनसाइट, गृहकर्ज यांवर बोलायचा. उत्तरेश्वरांच्या मते हे विनोद नव्हतेच, तक्रारी होत्या. त्यात तो त्यांना काका म्हणायचा. उत्तरेश्वर केस काळे करत होते ते काय काका म्हणवून घ्यायला?

कसबा पेठेतला इस्त्रीवालासुद्धा त्यांना पाहून विचारी, "तो तुमच्यातला मुलगा काय बोलतो हो. भेट घालून द्या की एकदा."

घरी दीपमाला दर गुरुवारी टीव्हीसमोर बसे.

"अहो, तुमचे हात आले."

"आणि चेहरा?"

"हात छान आले. अंगठी चमकली."

तेवढ्यात तेजस काहीतरी बोलला, ढिश वाजला आणि ती खळखळून हसली. स्वतःच्या घरात, हप्त्यावर घेतलेल्या सोफ्यावर.

"कशावर हसलीस?"

"तो बोलला त्यावर. तुमच्यावर कशाला हसू?"

त्या वाक्यावर उत्तरेश्वर आठवडाभर जेवले नीट, पण बोलले नाहीत. मग त्यांनी ठरवलं: शेवटच्या भागात काठी एक शब्द आधी मारायची. विनोदाचं शेपूटच तुटलं की पोराला कळेल, लोक नेमके कशावर हसतात.

शेवटच्या भागाला तेजसने आपला हुकमी किस्सा काढला. "मॅनेजरला म्हटलं, सर, आजी गेली, सुट्टी हवी. तो म्हणाला, अरे, मागच्या तिमाहीतही गेली होती ना? म्हटलं, सर, ते फक्त..."

'टेस्टिंग' हा शब्द त्याच्या ओठांवर येतो न येतो तोच ढिश.

लोक हसले. नेहमीपेक्षा जास्त हसले.

तेजस गोंधळून पाणी प्यायला लागला. उत्तरेश्वरांनी, केवळ शास्त्रीय कुतूहलापोटी, आणखी एक ढिश मारला. पाण्याच्या घोटावर लोक लोटपोट झाले.

तेजसने एवढ्या भागांत पहिल्यांदा मागे वळून पाहिलं. "काका, काय करताय?"

ढिश. एका बाईने डोळे पुसले.

रेकॉर्डिंग संपल्यावर तेजस एका खोक्यावर बसून राहिला. "म्हणजे काका, ते माझ्यावर कधी हसतच नव्हते?"

"तालाचं असतं रे ते," उत्तरेश्वर म्हणाले. इतक्या मायेने ते त्याच्याशी आजवर बोलले नव्हते. "मनाला लावून घेऊ नकोस. तुझी नोकरी आहेच."

मग ते कौतुक ऐकायला बाहेर गेले. प्रेक्षकांची बस सुटायच्या बेतात होती. दारातच ती डोळे पुसणारी बाई होती, लोणी काळभोरच्या गोदाबाई.

"मावशी, कसं वाटलं?"

"ब्येस हाय. आत गार हवा सोडत्यात."

"हसलात फार तुम्ही."

"हसाया नगं? त्या टोपीवाल्या पोरानं सांगितलंय सगळ्यास्नी, ढिश झालं की हसायचं. न्हाई हसलं की पुन्यांदा घेत्यात, मग घरी जायला उशीर हुतो."

"आज सांगितलं?"

"दर बारीला सांगतंय. तुमी तवा च्या पीत असता."

"आणि तो मुलगा बोलतो ते?"

"त्यो इंग्रजीत बोलतोय न्हवं?" गोदाबाई म्हणाल्या आणि खिडकीची जागा धरायला आत गेल्या.

उत्तरेश्वर परत आले. तेजस अजून खोक्यावरच होता. "काका, काय म्हणाले लोक?"

"तालाचं म्हणाले," असं सांगून उत्तरेश्वर वायरी गुंडाळायला लागले.

तो भाग गुरुवारी लागला. पाणी पितानाचं सगळं कापलं होतं. उत्तरेश्वर दिसले, मनगटापर्यंत.