शपथेचा तिसरा दिवस

मित्रांनो, मी एक जुनी चेतापेशी आहे. कोहिनूर गावच्या मेंढपाळ रेवणसिद्धप्पांच्या मेंदूत, अगदी आत, मी सत्तेचाळीस वर्षे राहते आहे. डोपामिन नावाचे रसायन जरा जरा सोडणे हे माझे काम. ‘हे चांगले आहे, पुन्हा कर,’ एवढाच त्याचा निरोप.

ते लहान असताना नवे कोकरू धडपडत उभे राहिले, की मी थोडे डोपामिन सोडी. तेवढे पुरे.

मग एका वर्षी लोकर कातरून झाल्यावर कोणीतरी त्यांना दारू पाजली. मी एरवीच्या कितीतरी पट ओतले. सगळे म्हणाले, “आता गडी झालास बघ!” पुढे रोजच तसे होऊ लागले. त्या लोंढ्याने शेजारच्या पेशींनी आपली बरीच दारे मिटून घेतली. कोकराचा निरोप कुठे पोचेना. बाटली दिसली तरच मी उसळत असे. ती मिळाली नाही, तर ते बायकोला, मंगलबाईंना, काठीने मारत. ते मारत तेव्हाही मी आतच होते.

यंदा मुलगी तेजश्री बारावीला गेली. रेवणसिद्धप्पांनी मैलाराचा, म्हणजे खंडोबाचा, भंडारा उचलून शपथ घेतली, “आजपासून थेंबबी न्हाई.” देवाला शब्द दिल्यावर दवाखान्यात जाणे म्हणजे देवावर अविश्वास, असे सगळ्यांना वाटले.

इतकी वर्षे दारूने मेंदूला दाबून ठेवले होते. तो दाब एकदम निघाला आणि बाकीच्या पेशी बेभान झाल्या. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांना घरात लांडगा दिसला. त्यांनी लोकर कातरायची कातर उचलली आणि त्याच्या खांद्यात खुपसली.

“ओ, मी हाय! मंगल हाय मी!”

थोरले भाऊ लिंगाप्पा धावत आले. त्यांनी रेवणसिद्धप्पांना खांबाला बांधले आणि चाबूक काढला. “मैलार कोपलाय. शपथ मोडायचं मनात आलं असंल याच्या.”

पहिल्याच फटक्यात पाठ फाटली. तेजश्री मध्ये पडली. “काका, हाणू नका! दारू एकदम तोडली म्हणून व्हायलंय हे. अप्पा मरायलेत!”

“तू डाक्टर झालीस व्हय गं?”

पुढचा फटका तिच्या हातावर बसला. तेवढ्यात रेवणसिद्धप्पांचे अंग लाकडासारखे ताठ झाले, तोंडाला फेस आला. लिंगाप्पांच्या हातून चाबूक गळाला. “गाडी बोलाव, अक्का,” ते पुतणीला म्हणाले.

डॉक्टरांनी नवरा-बायको दोघांनाही वाचवले. आणखी तासभर बांधून ठेवले असते, तर मी आज बोलत नसते.

आता दोन महिने झाले. शेजारची दारे हळूहळू उघडू लागली आहेत. पण दारूचे दुकान दिसले, की मी अजून उसळते. माझी ही खोड लवकर जायची नाही.

काल रेवणसिद्धप्पांनी विचारले, “खांदा दुखायलाय?”

“व्हय,” मंगलबाई म्हणाल्या. “तिथूनच बोला.”

ते उंबऱ्याशीच बसले.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी रोजची दारू सोडतो म्हणाले, तर त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. शपथ खुशाल घ्या. पण मी देवळात जाऊन हात जोडू शकत नाही. मला औषध लागते.