पाव फोर्ड, पाऊण माणूस

इस्रायलच्या वाळवंटातल्या आमच्या येरुहाममध्ये तेव्हा एकूण तीन मोटारी होत्या: कौन्सिलची जीप, पाण्याचा टँकर आणि बेर-शेव्याची बस. बस येईलच असं काही नव्हतं, म्हणून अडीच धरा. तरीसुद्धा सत्तावन्न सालच्या उन्हाळ्यात आमच्या गावातला एकूण एक माणूस मोटारींचा जाणकार झाला. ज्यांनी जन्मात टांग्यापलीकडे काही भाड्याने घेतलं नव्हतं, ते मडगार्डच्या गोलाईवर बोलू लागले.

याला कारण बेला. बेला मुंबईहून नुकतीच आली होती आणि तिच्या ट्रंकेत एक नारळ आणि एक अल्बम होता. अल्बम तिच्या वारलेल्या भावाचा. तो मोंबासाला रेल्वेत कारकून होता आणि त्याला फोटो काढायचा भारी नाद होता. नेम मात्र नव्हता. त्याच्या फोटोंत डोकी आली की पाय जायचे, पाय आले की डोकी जायची. भिंती तेवढ्या अख्ख्या यायच्या.

माझी मावशी एलिझाबेथ तिच्याकडे चहाला गेली आणि रीत म्हणून अल्बम चाळायला बसली. भिंत, भिंत, कुणाची तरी टोपी, भिंत. मग तिने कप खाली ठेवला. फोटोच्या डाव्या अंगाला पाव मोटार होती आणि उजव्या अंगाला बंपरवर पाय ठेवून पाऊण माणूस उभा होता. एक हात कापला गेला होता. चेहरा बाजूने दिसत होता, आणि तो हसत होता.

तो शौलभाऊ होता, तिचा एकुलता एक मुलगा. यावर गावात वाद झाला नाही. तो कान आमच्याकडे दुसऱ्या कुणाचा नाही.

शौलभाऊ बोटीवर फिटर होता. चव्वेचाळीस साली, लढाईत, ती बोट आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ बुडाली. काही लोक वाचले, काहींची प्रेतं सापडली, काहींचं काहीच सापडलं नाही. शौलभाऊ त्या तिसऱ्या वर्गात. मुंबईत खबर आली तेव्हा मावशी म्हणाली, "बोट बुडाली म्हणतात. माणूस बुडाला असं कुठे म्हणतात?" ती त्याच्यासाठी दुखवट्याला बसली नाही. तिने त्याच्या नावाचा दिवाही लावला नाही. उलट आमच्या नवसाला पावणाऱ्या पैगंबराला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोलली, की शौल त्या बोटीतून निसटला एवढं जरी कळलं तरी पोहे, खोबरं, फळं घालून मलिदा करीन. नवस तेरा वर्षं तसाच राहिला. आम्ही मुंबई सोडून वाळवंटात आलो, नवस सामानाबरोबर आला.

आणि शौलभाऊची बायको, रूत. लग्नाला वर्ष व्हायच्या आत ती ना बायको राहिली ना विधवा झाली. प्रेत नाही, साक्षीदार नाही, तर आमच्या यहुदी धर्माप्रमाणे ती बांधलेलीच; दुसरं लग्न करता यायचं नाही. ती सासूजवळच राहिली आणि खाणीच्या कँटीनमध्ये स्वयंपाक करू लागली. बसचा ड्रायव्हर अमिराम तिच्याशी लग्न करायला तयार होता. मावशीनेच तिला म्हटलं होतं, "जा ग पोरी, रब्बीसाहेबांना विचार." बेर-शेव्याच्या रब्बीसाहेबांनी वर्षभर विचार केला आणि त्यांचं मत होत आलं, की बोट बुडाल्यानंतर त्याची कसलीही खबर नसेल, तर हिला मोकळं करता येईल.

नेमका तेव्हा हा फोटो आला.

फोटोमागे तारीख नव्हती. शौलभाऊची बोट बुडण्याआधीही मोंबासाला लागायची, त्यामुळे फोटो त्रेचाळीसचा असू शकत होता. म्हणजे सगळं मोटारीवर आलं. गाडी लढाईच्या आधीची निघाली, तर फोटोने काही सिद्ध होत नव्हतं आणि रूत मोकळी होत होती. गाडी लढाईनंतरची निघाली, तर शौलभाऊ वाचला होता.

जेकबकाकांनी सभा बोलावली. ते मुंबईत हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे आणि इथे आमच्या पत्र्याच्या सिनेगॉगमध्ये तफिला, म्हणजे प्रार्थना, चालवायचे, त्यामुळे फूटपट्टी आणि धर्म दोन्ही त्यांच्या ताब्यात.

"मडगार्डचा गोल आणि शौलचा गुडघा यांचं प्रमाण काढलं," काका म्हणाले, "तर गाडी लढाईच्या आधीची येते."

"आणि गुडघा कुठल्या सालचा येतो?" मी विचारलं.

"सॅम्या, तू गप बस."

बेला म्हणाली, "ही गाडी मी पाहिल्येय. आमच्या भायखळ्याच्या डॉक्टरची आहे."

"फोटो मोंबासाचा आहे, बेला."

"मग डॉक्टर मोंबासाला गेला असेल. माणसाने काय जाऊ नये?"

शेजारची लेआ मोरोक्कोतल्या मराकेशची. तिला मराठी येत नव्हतं, पण सभा कळत होती. ती फोटो बघून म्हणाली, "सित्रोएन." तिच्या मते जगात बाकीच्या गाड्या ही अफवा होती. शेवटी मतं घेतली. लढाईच्या आधीची या बाजूला बहुमत पडलं, नंतरची या बाजूला काही हात वर गेले, आणि सित्रोएनला एक मत पडलं. मावशी कोपऱ्यात बसून जो बोलेल त्याच्या तोंडाकडे बघत होती.

मला कुणी विचारलं नाही. मी जे बोलतो ते कुणी खरं धरत नाही, हा माझा गावातला हुद्दा. पण मावशीला माहीत होतं. मी आठ-नऊ वर्षांचा असताना शौलभाऊ मासिकातल्या मोटारीच्या चित्रावर आपला पंजा ठेवायचा आणि दोन बोटांच्या फटीतून एवढंसं काही दाखवायचा. दाराची मूठ, दिव्याची कड, चाकाची बशी. "बोल सॅम्या, कुठली? कुठल्या सालची?" चुकलं की टपली. बरोबर आलं तरी टपली, डोकं फार चढू नये म्हणून. तो गेल्यावर मी एकटाच खेळत राहिलो. भायखळा पुलावर उभं राहून एक डोळा मिटायचा आणि दुसऱ्यासमोर मुठीची नळी धरायची. लोक म्हणायचे, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला. टपल्यांचा झाला असेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी मावशीने मला बोलावलं. रूत कामावर होती. टेबलावर फोटो आणि गावातल्या रुमानियन घड्याळजीचं भिंग होतं, आणि शेजारी बेलाकडून मागून आणलेला तो नारळ.

"नारळ कशाला?" मी विचारलं.

"तू बघ. मग सांगते."

मी भिंग डोळ्याला लावलं. फोर्ड होती, ते आधीच दिसलं होतं. पण बेचाळीसची फोर्ड, म्हणजे अमेरिका लढाईत पडण्याआधी निघालेली शेवटची, आणि सत्तेचाळीसची फोर्ड या दोघी सख्ख्या बहिणी. मधे लढाई होती, कारखाने रणगाडे करत होते, नवी गाडी काढायला कुणाला सवड नव्हती. लढाई संपल्यावर त्यांनी जुनीच गाडी थोडं पावडर-कुंकू करून बाहेर काढली. पुढची जाळी दिसली असती तर क्षणात सांगता आलं असतं, पण जाळी शौलभाऊच्या पँटीमागे होती. आयुष्यभर मला फटीतून दाखवायची सवय, ती इथेही सोडली नाही.

हेडलाइटच्या खाली एक डाग होता. जेकबकाकांनी तो चहाचा ठरवला होता. मी भिंग पुढे-मागे केलं. चहाच्या डागाला चकचकीत कडा नसते. तो डाग नव्हता, तो एक लहान गोल दिवा होता. बेचाळीसच्या गाडीला हा दिवा चौकोनी, वर, जाळीच्या बाजूला. तो गोल करून हेडलाइटच्या खाली आणला सत्तेचाळीसमध्ये. त्याआधी तो तिथे कधीच नव्हता.

मी भिंग काढलं नाही. डोळ्याला काहीतरी असलेलं बरं होतं.

"मावशे," मी म्हणालो, "लढाईनंतरची आहे. सत्तेचाळीसची. कदाचित अठ्ठेचाळीसचीही असेल."

"चेष्टा करतोस?"

"नाही."

"आईची शपथ?"

"आईची शपथ."

ती उठली, पोहे निवडून भिजत घातले, साखर काढली, वेलची कुटली. मग नारळ फोडला आणि खवायला बसली. मी इतकी वर्षं तिच्या हातचं खातोय, पण त्या दिवशीसारखी भराभर चालणारी तिची बोटं मी पाहिली नव्हती. "फळं घेऊन ये," म्हणाली. "लेआकडे खजूर असतील. आणि जेकबला सांग, मिन्यान जमव, प्रार्थनेला दहा पुरुष हवेत. माझा शौल वाचला. मी म्हटलं नव्हतं? सगळे मला येडी म्हणत होते. वाचला माझा..."

तिथे तिचा हात थांबला. खवणीवर अर्धा नारळ तसाच राहिला.

"सत्तेचाळीस म्हणालास?"

"हो."

"आपण तेव्हा भायखळ्यालाच होतो. त्याच खोलीत."

"हो मावशे."

"एक्कावन्नपर्यंत होतो. पत्ता त्याला माहीत होता."

मी घाईघाईने म्हणालो, डोक्याला मार लागून स्मृती गेली असेल. मग म्हणालो, कैदेत असेल, पत्र लिहू देत नसतील. मग म्हणालो, पोस्टाचा संप असेल. चार वर्षांचा संप. मग म्हणालो, लिहिलेली पत्रं कुठल्या तरी पोस्टमनने घरी ठेवली असतील, त्याला तिकिटं जमवायचा नाद असेल. एरवी मी असलं बोललो की ती पदर तोंडाला लावून हसायची. आता तिने हात पुसले, भिंग उचललं आणि स्वतः फोटोवर धरलं.

"बंपरवर पाय ठेवलाय," ती म्हणाली. "कैदेतला माणूस असा उभा राहतो?"

तिने भिंग जरा वर सरकवलं.

"हसतोय तो, सॅम्या."

ते हसू आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं. सभेत सगळ्यांच्या हातून ते हसू फिरलं होतं आणि कुणीतरी म्हणालंही होतं, किती गोड हसतोय पोरगा. त्रेचाळीस साली हसला असता, तर ते हसू आमचं होतं. तीच जिवणी, तेच दात, फक्त दिवा गोल निघाला.

बाहेर चपला वाजल्या. रूत आली. तिच्या मागे अमिराम दाराबाहेरच थांबला. मावशीसमोर तो कधी आत यायचा नाही. रूतने टेबलावरचे पोहे पाहिले, खोबरं पाहिलं, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. नवस तिलाही माहीत होता.

"सॅमीने बघितली गाडी?" तिने विचारलं.

मी तोंड उघडलं. मावशी माझ्याआधी बोलली.

"बघितली. लढाईच्या आधीची आहे."

रूत माझ्याकडे बघत राहिली. "खरं, सॅमी?"

माझ्या जन्मात पहिल्यांदाच कुणी माझं बोलणं खरं धरायला तयार होतं. मावशी माझ्याकडे बघत नव्हती. ती खोबरं एका बाजूला सारत होती, अगदी सावकाश, एकही कण टेबलाखाली पडू न देता.

"फोर्ड आहे," मी म्हणालो. "बेचाळीसची."

रूत खुर्चीवर बसली आणि रडायला लागली. ती कशासाठी रडली ते मी सांगू शकत नाही. तिचं वय तेव्हा तेहतीस होतं. मावशीने तिच्या डोक्यावरून हात फिरवला, "जा, तोंड धू, तो बाहेर उन्हात उभा आहे," म्हणाली, आणि ती बाहेर गेल्यावर भिंतीला टेकून जमिनीवर बसली. चपला काढल्या. आरशाकडे बोट दाखवलं. मी त्यावर चादर टाकली.

मग मी लेआकडे गेलो. दुखवट्याचं पहिलं जेवण घरचं चालत नाही, शेजाऱ्यांनी द्यायचं असतं. मी खजुरांऐवजी उकडलेली अंडी मागितली. तिने काही न विचारता पातेलं चढवलं.

संध्याकाळी जेकबकाका आले. त्यांना रूतने बातमी सांगितली होती, आणि आपलं प्रमाण बरोबर निघाल्याचा थोडा आनंद त्यांनी दाबून धरला होता. ते मावशीसमोर उकिडवे बसले.

"एलिझाबेथ, ऊठ आता. जुन्या मरणाला सात दिवसांचा दुखवटा नसतो. खबर उशिरा आली तर एक तास बसायचं, बस. शास्त्र तसं आहे. तुझा तास केव्हाच झाला."

मावशी उठली नाही.

"अगं, तेरा वर्षं झाली त्याला मरून."

"तू गाडीचं बघ, जेकब," ती म्हणाली.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटलीतलं अंडं सोलत होतो आणि ते सोलायला मला फारच वेळ लागत होता.

ती सातही दिवस बसली. काका रोज मिन्यान घेऊन यायचे, रोज शास्त्र सांगायचे आणि रोज कद्दिश, म्हणजे गेलेल्या माणसासाठीची प्रार्थना, म्हणायचे. मधे एकदा बेला अल्बम हातात घेऊन दारात आली, चुळबुळली, आणि फोटो परत मागायचं धाडस न होता निघून गेली. पुढच्या आठवड्यात मला रूतबरोबर बेर-शेव्याला जाऊन रब्बीसाहेबांसमोर गाडीचं साल सांगायचं होतं. सातव्या दिवशी सकाळी लोक उठून गेले, तरी मावशी तशीच बसून होती. मी हात पुढे केला. तिने तो धरला, पण उठली नाही.

"थोडं थांब," ती म्हणाली. "आत्ताच तर गेलाय."