सात वस्तूंची बॅग

मित्रांनो, मी एक जुनी निळी बॅग आहे. सांगायला लाज वाटते, पण मी फार भित्री आहे. चेन जराशी अडकली तरी वाटतं, भरली आपली शंभरी. ही भीती मी जन्मतः आणलेली नाही. कारखान्यात एका बाईंनी मला जाड दोऱ्यानं शिवलं, दोन्ही पट्टे ओढून पाहिले आणि शेजारणीला म्हणाल्या, "ही दहा वर्षं हलत नाही बघ." तेव्हा मी चांगली ताठ होते. भीती मला माझ्या मालकिणीनं शिकवली.

ती हॉस्पिटलात ऑपरेशनच्या खोलीत सिस्टर आहे. पेशंटचं पोट शिवण्याआधी चिमटे, कात्र्या आणि रक्त टिपायच्या कापडाच्या घड्या मोजायचं काम तिचं. आकडा जुळला नाही, तर कितीही मोठे डॉक्टर असोत, ती त्यांना टाका घालू देत नाही. "आत काही राहिलं की ते पुढं त्रास देतंच," असं ती नव्या मुलींना बजावते.

तिच्या पहिल्या मित्राशी तिचं तीन वर्षांनी फिस्कटलं, तेव्हा तिचं सामान त्याच्या घरभर पसरलेलं होतं. ते आणायला तिची थोरली बहीण मला घेऊन गेली. त्यानं सगळं आधीच खोक्यात भरून दाराबाहेर ठेवलं होतं. ताईनं ते माझ्यात भरून आणलं. घरी माझ्यातली एकेक वस्तू बाहेर काढत मालकीण रडली. चपलेचा एकच पाय आला होता, तो हातात धरून तर फार वेळ बसली. मग म्हणाली, "ताई, यापुढं कुणाच्या घरात माझं काही राहणार नाही. भेटायचं, हसायचं, जेवायचं. गुंतायचं नाही."

"बघू किती दिवस जमतं," ताई म्हणाली.

जमलं की. दोन वर्षं जमलं. लागोपाठ दोन दिवस फोन करायचा नाही, समोरच्याच्या आईचं नाव विचारायचं नाही, आणि माझ्यात मोजून सात वस्तू. ब्रश, कंगवा, चार्जर, सपाता, झोपायचे कपडे, चष्म्याचं घर आणि मलमाची चपटी डबी. सारखे हात धुऊन तिच्या बोटांना भेगा पडत, म्हणून ते मलम. कुणाच्याही घरून निघताना ती ओठ हलवत सात मोजायची आणि मगच माझी चेन ओढायची. मला जपायचीही खूप. पण एखाद्या दिवशी सहाच निघाल्या तर, या धास्तीनं माझ्या शिवणी आवळून येत.

मग लिफ्टवाला आला. लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि तारा कुरकुरतात का ते ऐकून ऐकून बोलण्यापेक्षा ऐकायची सवय लागलेला. "तू येतेस की धाड घालून जातेस?" असं तो चिडवायचा. "निदान कंगवा तरी ठेव इथं."

"नको. माझं मला जवळ लागतं."

सहा महिने झाले आणि सात मोजताना ती मध्येच चुकून पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागली. एका शनिवारी माझ्यात कपडे भरताना ती फोनवर ताईला म्हणाली, "हा डोक्यात राहायला लागलाय. मला भीती वाटते. उद्या सकाळी निघाले की पुन्हा जाणार नाही."

रविवारी सकाळी त्याच्या दाराशी तिनं मोजलं. सहा. पुन्हा मोजलं. सहाच.

"मलम कुठंय?"

तो कामाची बॅटरी घेऊन पलंगाखाली शिरला. तिनं उशा उलट्या केल्या, चादर झटकली.

"अगं, डबीच आहे ती. सापडली की आणून देईन."

"नाही. आता सापडली पाहिजे. राहिलं की संपलं, तुला नाही कळायचं ते." आणि ती खाली फरशीवर बसली.

मित्रांनो, डबी माझ्यातच होती. आठवड्यापूर्वी कात्रीचं टोक लागून माझं अस्तर फाटलं होतं, आणि रात्री डबी त्यातून आत घसरली होती. मी नुसती कलले असते तरी ती खुळखुळली असती. सात झाल्या असत्या, आणि मालकीण कायमची निघून गेली असती. मी जीव मुठीत धरून गप्प उभी राहिले. आयुष्यात एवढं एकच धाडस मी केलं आहे.

तो उठला, कपाट उघडलं आणि अगदी तसलीच डबी घेऊन आला. नवी, न उघडलेली.

"ही कधी आणलीस?"

"झाले चार महिने. तुझे हात बघवेनात."

"मग दिली का नाहीस?"

"घाबरलो. म्हटलं, ही बघितलीस तर बॅग उचलून पळशील."

"मीपण घाबरलेय," ती म्हणाली. "फार." मग तिनं डबी उघडली, बोटांना मलम लावलं आणि ती त्याच्या आरशाखाली ठेवली. जाताना जिन्यात दोनदा थांबली, पण परत वर गेली नाही. पुढच्या रविवारी मात्र आम्ही पुन्हा आलो.

आता तिकडं ब्रश राहिला आहे, सपाताही राहिल्या आहेत. मी हलकी होत चालले, तशी माझी भीती वाढते. रिकाम्या बॅगा माळ्यावर जातात, हे मला ठाऊक आहे. म्हणून माझी एवढीच विनंती आहे. जुनी बॅग टाकण्याआधी तिच्या अस्तरात एकदा हात घालून बघा.

माझ्या मालकिणीनं परवा घातला. बोटांना जुनी डबी लागली तशी ती थबकली. मला वाटलं, आता चोरी पकडली गेली. तिनं डबी बाहेर काढली नाही. सुई ओवली, आणि डबी आत तशीच ठेवून वरून बारीक टाके घातले.