फालिनची शिट्टी

"वाजली मेली. तव्यावर भाकरी करपली तरी चालंल, हजेरी चुकाय नको," राहीबाई पुटपुटली आणि पिठाच्या हातानं अंगणात येऊन उभी राहिली.

ती मेली म्हणजे मीच, मित्रांनो. मी एक जुनी पितळी शिट्टी आहे. कोरेगावजवळच्या या घरात राहीबाईच्या नवऱ्याच्या, सुभेदार नाथाजींच्या गळ्यात काळ्या दोरीला लटकते. फौजेत मी वाजले की अख्खी पलटण रांगेत उभी राहायची. नाथाजी पेन्शनीवर आले, तेव्हा पलटण तिकडेच राहिली. मी तेवढी बरोबर आले.

मग घरातच फालिन, म्हणजे फौजेतलं 'फॉल इन', सुरू झालं. सकाळी सगळ्यांनी रांगेत यायचं, कोणी काय करायचं ते नाथाजी सांगणार. जेवायला शिट्टी, झोपायला शिट्टी. गावात कौतुक व्हायचं, "सुभेदाराच्या घरात मांजरबी हुकमानं म्याव करतं." मलाही बरं वाटायचं. फुंकर दुसऱ्याची असली तरी आवाज आपलाच वाटतो ना.

मुलगा जयराज अर्ध्या ताटावरून उठून यायचा. पुढे तोही फौजेत गेला. जाताना आईच्या कानात म्हणाला, "आये, तिथं शिट्टीनंतर सुट्टी तरी असती." त्याचं लग्न झालं. सून दीपमाला हळद न उतरलेल्या हातांनी पहिल्याच सकाळी रांगेत उभी राहिली. नाथाजींनी तिला एक पाऊल मागे सरकवलं. बाळंतपणाला ती कुंडलला माहेरी गेली, ती तिकडचीच झाली.

दोन दिवाळ्या गेल्या, जयराज आला नाही. सुट्टी मिळत नाही, एवढंच घरात बोललं जायचं. आता रांगेत राहीबाई एकटी. माझ्या पोटातली गोळी झिजली, नाथाजींचा दमही सरला. तरी ते त्या एकटीला म्हणतात, "रांग सरळ धर."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. कुणी वेळेवर माळ्यावर टाकलं असतं तर बरं झालं असतं. माझ्या आवाजानं माणसं येतात. ती राहावीत, एवढं बळ माझ्यात कधीच नव्हतं.

आज हजेरी झाल्यावर नाथाजींनी फोन काढला. "पोराला सुट्टी देत न्हाईत म्हंजे काय? त्याच्या साहेबालाच इचारतो."

राहीबाईनं त्यांच्या मनगटावर पिठाचा हात ठेवला. "लावू नगा. पोरगं तोंडघशी पडंल."

"का?"

ती रांगेतल्या जागेवरून हलली नाही.

"आवं, सुट्टी मिळती त्याला. दोन्ही दिवाळ्या कुंडलात केल्या त्यानं. मी देवाला म्हणून गेले, ती त्यास्नीच बघाय. आपली नात अंकिता चालाय लागलीया. ही शिट्टी तिथवर ऐकू जात न्हाई, म्हणून तो तिथं उतरतो."