सातजणांमधली सातवी

श्लेहेनबाखला शाळा उरली नव्हती, टपाल कचेरी उरली नव्हती, आणि सरकारने गाव खालच्या शहराला जोडून टाकल्यापासून स्वतःचा महापौरही उरला नव्हता. उरली होती एकशे नव्वद माणसं, उतारावरच्या चेरीच्या बागा, एक चर्च, एक बिअरची भट्टी आणि सातजण. महापौर गेला तेव्हा लोक हळहळले, पण सातजणांना कुणी हात लावला असता तर गाव पेटलं असतं.

सातजण म्हणजे शिवेची शपथ घेतलेली सात माणसं. हद्दीचे दगड बसवायचे, कलले तर सरळ करायचे, आणि दगड बसवण्याआधी त्याच्याखाली एक खूण पुरायची, हे त्यांचं काम. खूण कसली आणि ती कशी मांडायची, हे त्या सातांशिवाय कुणालाच ठाऊक नसे. बायकोला सांगायचं नाही, पोरांना सांगायचं नाही, कबुलीजबाबाला बसलं तरी पाद्र्याला सांगायचं नाही. कुणी गुपचूप दगड सरकवला तरी खूण जाग्यावर राहायची आणि लबाडाचं पितळ उघडं पडायचं. एकदा शपथ घेतली की ती मरेपर्यंत. एक गेला की उरलेले सहा मिळून नवा निवडायचे.

त्या वर्षी म्हातारा अ‍ॅडम गेला आणि त्याच्या जागी यायला कुणी तयार होईना. तरणे लोक कारखान्यात कामाला जात, रविवारी त्यांना झोप हवी असे. शेवटी वाल्बुर्गा त्साइटलर स्वतः उठून गुत्त्यात सहाजणांच्या टेबलापाशी गेली. वय बावन्न, नवरा वारलेला, चेरीची साडेतीनशे झाडं एकटीने सांभाळणारी. तिचे वडीलही सातजणांपैकी होते. तिने सरळ सांगितलं की जागा रिकामी आहे आणि मी आहे.

टेबलाच्या टोकाला सातजणांचा म्होरक्या किलियान ओअरलाइन बसला होता. एक्याऐंशी वर्षांचा. आजवर बाई कधी या टेबलाला बसली नव्हती.

"बाईच्या पोटात गुपित राहतं होय?" तो म्हणाला. "संध्याकाळपर्यंत चुलीचुलीवर शिजेल."

"किलियानकाका, तुम्ही अळंबी कुठून आणता ते मला तीस वर्षांपासून माहीत आहे," वाल्बुर्गा म्हणाली. "आजवर कुणाला कळलं?"

टेबलाभोवतीचे पाचजण एकदम किलियानकडे बघायला लागले. अळंब्यांची ती जागा त्याने सख्ख्या मुलालाही दाखवली नव्हती.  म्हाताऱ्याने पायाने शेजारची खुर्ची पुढे ढकलली.

शपथ झाली, खूण दाखवली गेली. तरी किलियान तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. नोंदवहीत त्याने तिचं नावही लिहिलं नाही, 'अ‍ॅडमच्या जागी आलेली' एवढंच लिहिलं.

पुढच्या मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि झऱ्यावरचा उतार घसरला. शेजारच्या रोटमान्सडोर्फ गावाच्या हद्दीवरचा चौदा नंबरचा दगड गडगडत खाली ओढ्यात जाऊन पडला. एरवी हे काम एका सकाळचं. पण हा दगड झऱ्यालगतचा होता. तो झऱ्याच्या पलीकडे उभा असायचा, म्हणून झरा श्लेहेनबाखचा. दर ईस्टरला गावातल्या बायका फर वृक्षाच्या डहाळ्यांच्या माळा आणि रंगवलेली हजारभर अंडी लावून तो झरा नवरीसारखा सजवत. रोटमान्सडोर्फला मात्र तेच पाणी ट्राउट माशांच्या तळ्यांसाठी हवं होतं. दगड पडताच त्यांनी कुजबुज सुरू केली की झरा मुळात आमचाच.

मोजणीवाला आला, यंत्र लावलं, जुने नकाशे काढले. दोन नकाशे, दोहोंत सहा मीटरचा फरक. तो म्हणाला की खूण सापडली तर तीच खरी धरू. तो दगड पूर्वी श्लेहेनबाखच्या सातजणांनी बसवलेला. म्हणजे खूण त्यांची, ती ओळखणारेही तेच. रोटमान्सडोर्फला त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

ईस्टरच्या दोन आठवडे आधीच्या शनिवारी दोन्ही गावं रस्त्यावर जमली. नियम असा की बाकीच्यांनी दोनशे पावलं लांब राहायचं. किलियान घडीच्या स्टुलावर बसला आणि उरलेल्या सहाजणांनी झऱ्याच्या पलीकडे, दगड उभा असायचा त्या बाजूला, खणायला घेतलं. दुपारची घंटा झाली तरी मातीशिवाय हाती काही लागेना. रस्त्यावरून रोटमान्सडोर्फवाले टोमणे मारू लागले. खूण सापडत नसेल तर बटाटे तरी लावा, असं कुणीतरी ओरडलं.

वाल्बुर्गाने कुदळ टेकवली आणि घसरलेल्या उताराकडे पाहिलं. आयुष्यभर तिने झाडांसाठी खड्डे खणले होते. एकदा माणसाच्या हाताने उकरलेली माती पुन्हा तशी बसत नाही, शंभर वर्षांनीही तिचा रंग वेगळा दिसतो, हे तिला ठाऊक होतं. तसा एक गडद चौकोन तिला दिसला, पण झऱ्याच्या अलीकडे, आपल्या गावाच्या अंगाला, एका अल्डरच्या झाडाच्या मुळांमागे.  ती कुणाला काही न बोलता तिकडे गेली, गुडघ्यावर बसली आणि हाताने माती बाजूला करू लागली.

कोपरभर खोलीवर खूण होती. काय होतं, कसं मांडलेलं होतं, ते गावात आजही कुणी सांगणार नाही. पण तिला क्षणभरही शंका उरली नाही.

झरा हद्दीबाहेर होता. झरा रोटमान्सडोर्फचा होता.

मागे काठीचा आवाज झाला. किलियान येऊन उभा राहिला होता. त्याने वाकून पाहिलं आणि डोक्यावरची टोपी काढली.

"माझे आजोबाही सातजणांत होते, त्या दगडापाशी आले की टोपी काढून मान खाली घालायचे," तो हळूच म्हणाला. "मला वाटायचं, देवाला नमस्कार करतात."

वाल्बुर्गाला समजलं. कधीतरी, एखाद्या कोरड्या वर्षी, आपल्याच कुणीतरी दगड झऱ्याच्या पलीकडे नेला होता. खूण मात्र हलवली नव्हती. शपथेने तेवढा हात आखडला असावा.

बाकीचे अजून पलीकडे खणत होते. इथे दोघांखेरीज कुणी नव्हतं. मूठभर माती लोटली असती तर झरा जन्मभर श्लेहेनबाखचा राहिला असता.

"तू सांगतेस की मी सांगू?" किलियानने विचारलं.

"सापडली मला. मीच सांगते."

ती दोनशे पावलं चालत रस्त्यापर्यंत गेली. सजावटीची सगळी सूत्रं जिच्या हातात असत ती कुनिगुंडे पुढेच उभी होती, हातात अंड्यांची टोपली. तिच्याकडे न बघता वाल्बुर्गाने मोजणीवाल्याला जागा सांगितली आणि त्याचा अर्थही सांगितला.   कुनिगुंडेने टोपली उचलली आणि पाठ फिरवून ती गावाकडे चालू लागली.

रोटमान्सडोर्फलाही स्वतःचे सातजण होते. तेवढ्यात त्यांचा म्होरक्या लेओनहार्ट ड्रेसेल गर्दीतून पुढे आला. आडदांड माणूस, सकाळपासून सगळ्यात मोठ्याने टोमणे मारणारा.

"बाई, खरं सांगू?" तो म्हणाला. "आमच्यातला कुणी असता तर त्याने माती परत लोटली असती. कदाचित मीसुद्धा." आणि त्याने हात पुढे केला.

आठवडाभर गावात कुणी वाल्बुर्गाशी धड बोललं नाही. पावाच्या दुकानात ती शिरली की गप्पा थांबायच्या. ती मान ताठ ठेवून पाव घ्यायची आणि निघून जायची. मग ईस्टरच्या चार दिवस आधी रोटमान्सडोर्फहून निरोप आला. त्यांच्या गावसभेने ठरवलं होतं की अर्ध्या पाण्याला ते हात लावणार नाहीत, आणि सजावट श्लेहेनबाखनेच करायची, कारण तशी अंडी आपल्या बायकांना रंगवता येत नाहीत. निरोप घेऊन कुनिगुंडे स्वतः वाल्बुर्गाच्या दारात आली. माफी वगैरे काही मागितली नाही. माळांसाठी शिडी कोण धरणार, एवढंच विचारलं. वाल्बुर्गा शिडी खांद्यावर टाकूनच बाहेर आली.

मे महिन्यात नवा दगड बसवला. दोन्ही गावं पुन्हा जमली, आणि खूण पुरायची वेळ आली तशी सगळ्यांनी रिवाजाप्रमाणे पाठ फिरवली. ते मांडणं म्होरक्याचं काम, गेली तीस वर्षं किलियानच करत आला होता. त्याने खिशातून कापडाची पुरचुंडी काढली आणि वाल्बुर्गाच्या हातावर ठेवली.

"माझे गुडघे वाकत नाहीत," तो म्हणाला. कालच तो तासभर वाकून बीटं लावत होता, हे सगळ्या गावाने पाहिलं होतं.

तिने खड्ड्यात उतरून खूण मांडली. माती ओढली, पायाने दाबली. सहाजणांनी दगड उचलून उभा केला, तिने ओळंबा लावून पाहिला आणि मग लोकांना वळायला सांगितलं.

ड्रेसेलने आपल्या गावची वही उघडली आणि दगड कुणी बसवला म्हणून लिहू, असं विचारलं. किलियानने त्याच्या हातातली लेखणी घेतली. मोठ्या अक्षरांत त्याने लिहिलं: वाल्बुर्गा त्साइटलर, श्लेहेनबाखच्या सातजणांपैकी. मग आपली वही काढली, मागची पानं उलटली, आणि 'अ‍ॅडमच्या जागी आलेली' यावर रेघ ओढून तिथेही तेच लिहिलं.